तहकूब सभेला कोरम लागत नाही

"रबर हातात घ्या आणि ताणा," पुण्याहून आलेले निनाद सर म्हणाले. "जेवढं ताणेल तेवढं ताणा!"

आम्ही ताणलं. बार्शीतल्या लोकोदय ग्राहक भांडाराच्या माडीवर, घरघरणाऱ्या पंख्याखाली, चांगली मोठी झालेली माणसं शेंगदाण्याच्या पुड्यांना लावायची रबरं ताणत बसली होती. पहिल्या रांगेत संचालक मंडळ. मॅनेजर मोकाशींचं रबर तुटून त्यांच्याच नाकावर बसलं, तर त्या माणसानं नाक चोळायच्या आधी चेअरमनसाहेबांच्या तोंडाकडं बघितलं. साहेब हसले, मग मोकाशी हसले.

"याला म्हणतात लवचीकपणा," निनाद सर म्हणाले. निळा कोट घालून आले होते बिचारे, आणि घामानं निथळत होते. "बाजार बदलतोय. जी संस्था ताणली तरी तुटत नाही तीच टिकते. डायनासोर का संपले? बदलले नाहीत म्हणून!"

माझ्या शेजारी आमच्या किराणा काउंटरची प्रमिला लोखंडे बसली होती. ती हळूच म्हणाली, "काशीदबाई, आपण पण संपणार का हो?"

"डायनासोर संपले," मी म्हणलं, "पण झुरळं तेव्हा होती तशीच अजून आहेत. बदलली नाहीत, काही नाही. बघ की, पहिल्या रांगेत बसलीत."

प्रमिलानं तोंडाला पदर लावला. हसायला नव्हे, भ्यायली म्हणून. "हळू बोला ना बाई. साहेब ऐकतील."

मी इंदुमती काशीद, तेव्हा किराणा विभागाची प्रमुख. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण ती दुपार आठवली की अजून डोकं फिरतं. सबंध बार्शीला माहीत होतं की हा रबराचा तमाशा कशासाठी चालला होता. मुंबईची एक कंपनी गावात मोठं दुकान काढणार होती, एसीवालं, ढकलगाडी घेऊन फिरायचं तसलं. त्याला जागा पाहिजे होती भर चौकात. आणि भर चौकात होती आमच्या भांडाराची इमारत. दुकान चालवायला घेणार होते आमचे चेअरमन माणिकराव ठोंबरे यांचे जावईबापू. आता बोला!

म्हणजे ठराव असा होता की खालचा सगळा मजला कंपनीला भाड्यानं द्यायचा आणि भांडारानं मागच्या गोदामात जायचं. तिथं एक काउंटर राहणार. बाकीच्या बायकांना घरी पाठवायचं, आणि आधी हंगामी असतील त्यांना. प्रमिला बारा-तेरा वर्षं हंगामीच होती. दरवर्षी साहेब म्हणायचे, "प्रमिलाबाई, यंदा तुम्हाला कायम करायचंच," आणि दरवर्षी ही पेढे आणून ठेवायची. गिरणी बंद पडल्यापासून नवरा घरात बसलेला. थोरली मुलगी नर्सिंगला, धाकटी दहावीला. हिचा पगार बंद म्हणजे चूल बंद, दुसरं काही नाही.

आणि या सगळ्याला नाव काय, तर 'बदलत्या काळानुरूप संस्थेचे पुनर्नियोजन'. विकायचं म्हणा की सरळ!

बदल म्हणजे काय ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मीच दोन-तीन वर्षांपूर्वी बोर्डासमोर उभी राहून सांगितलं होतं. बायका नोकरीला जायला लागल्यात, त्यांना गहू निवडायला वेळ नाही. आपण निवडून, दळून घरपोच देऊ. फोनवर यादी घेऊ, संध्याकाळी माल घरात. संचालक म्हणाले, छान, छान, पण याचा अभ्यास केला पाहिजे. आणि अभ्यासाला सगळे गेले केरळला! सौभाग्यवतींसकट. बार्शीत ज्वारी घरपोच कशी द्यायची ते केरळच्या होडीत बसून बघत होते. येताना केळ्याचे वेफर्स आणले आणि विषय ठेवला 'सखोल अभ्यासासाठी'. पुढच्या वर्षी सखोल अभ्यासाला काश्मीर. तोवर गावातल्या दोन मारवाड्यांनी घरपोच माल द्यायला सुरुवातसुद्धा केली होती.

तर निनाद सर म्हणाले, "आता प्रत्येकानं एक बदल सुचवायचा. छोटा असला तरी चालेल."

मोकाशींनी सुचवलं की साहेबांचा फोटो मोठा करून दर्शनी भागात लावावा. टाळ्या पडल्या. एका संचालकांनी सुचवलं, आणखी एक अभ्यास दौरा. परत टाळ्या. मग सरांनी माझ्याकडं बोट केलं.

प्रमिलानं माझा दंड धरला. तिला वाटलं, आता बाई ठरावाचं काढणार. सगळ्यांनाच वाटलं. साहेबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, मोकाशी तर उठायच्या बेतात होते.

मी म्हणलं, "आपल्या वार्षिक सभेला सभासदांना भेटवस्तू देतो आपण. सभा संपल्यावर देतो, मग दारात ही रेटारेटी होते. गेल्या साली चेंगराचेंगरीत एका आजोबांचा चष्मा फुटला. लोक शिव्या घालत जातात. त्यापेक्षा यंदा येतानाच द्यावी. सही केली की डबा हातात. शांतपणे."

मग निनाद सरांनी टाळी वाजवली. "वा! बघा, इतकी वर्षं कुणालाच सुचलं नाही. आधी ग्राहकाचं समाधान! याला म्हणतात नवा विचार!"

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला आणि हसले. माणिकराव ठोंबरे हसले की गालावर खळी पडायची; त्या खळीवर त्यांनी तीन निवडणुका काढल्या होत्या. म्हणाले, "काशीदबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सहकार्याची भूमिका घेतलीत, आनंद वाटला. मोकाशी, लिहून घ्या. यंदापासून डबा दारात. लगेच अंमलबजावणी."

मोकाशींच्या कपाळावर आठी पडली होती. तेवढी अक्कल होती त्यांना. पण साहेब हो म्हणाले म्हटल्यावर अक्कल खिशात घालायची, ही त्यांची जन्माची सवय.

जिना उतरताना प्रमिला रडकुंडीला आली. "बाई, अहो बोलायचं सोडून डब्याचं काय काढलंत? माझ्या पोरी रस्त्यावर येतील आणि तुम्हाला म्हाताऱ्याच्या चष्म्याचं पडलंय?"

"तुझ्या घरात भांडाराचा शेअर किती जणांच्या नावावर आहे?"

"सगळ्यांच्याच. सासूच्या, नवऱ्याच्या, दिराच्या, जावेच्या. पण त्याचं काय?"

"सगळ्यांना सभेला आण. आणि डबा मिळाला म्हणून उठायचं नाही, सांग त्यांना. शेवटचं राष्ट्रगीत होईपर्यंत बुड हलवायचं नाही. बाकीच्या बायकांनाही हेच सांगायचं."

"त्यानं काय होणार? साहेबांची माणसं 'मंजूर' म्हणणार आणि झालं." मग डोळे पुसून म्हणाली, "पण मला वाटतं, साहेब ऐन वेळी नाही करणार असं. त्यांचं मन मोठं आहे."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. पण काय करता, देवमाणूस शोधायची सवय असते काहींना, आणि देव सापडला नाही की चेअरमनला बसवतात.

आमच्या सभेची रीत ठरलेली. साहेब विषय वाचायला तोंड उघडणार, "विषय क्रमांक एक..." एवढं झालं की मागून आरोळी, "मंजूर! मंजूर!" विषय काय हे कुणी ऐकायचंच नाही. आरोळीचा मुकादम पोपट डिसले. नरड्याचा भोंगा असलेला माणूस. आसपासच्या खेड्यांतून टेंपो भरून सभासद आणायचा, पाठीमागं उभे करायचा आणि हात वर केला की सगळे ओरडायचे. त्यांना ठराव नको, अहवाल नको. डबा पाहिजे. डबा सभेनंतर मिळतो म्हणून सभेला थांबायचे, आणि थांबलेच आहोत तर ओरडायचे. एवढं साधं होतं सगळं. इतकी वर्षं भांडार या एका डब्यावर चाललं होतं आणि ते एकाही संचालकाला कधी कळलं नव्हतं.

सभा मंगल कार्यालयात होती. दारात मंडप घालून मोकाशी बसले होते, समोर स्टीलच्या झाकणाच्या डब्यांची ही रास. सही करा, डबा घ्या, आत जा. आत जा, हे मोकाशी घसा खरवडून सांगत होते. आत कोण जातंय! माणसाच्या हातात वस्तू पडली की त्याला घर आठवतं. एक म्हातारा सही करून डबा काखेत मारून सरळ रस्त्याला लागला. त्याच्या मागं दुसरा. मग बायका, "जनावरं राह्यलीत हो," म्हणत. मग झुंबडच. टेंपोतनं उतरलेली माणसं डबा घेऊन परत टेंपोत चढायला लागली.

"अय, कुठं निघालाव? सभा व्हायचीय!" पोपट डिसले आडवा झाला.

"तूच म्हणलास की सही केली की डबा."

"आरं पण मंजूर कोण म्हणणार?"

"तू म्हण की. तुझा आवाज मोठा आहे."

टेंपोवाल्यानं हॉर्न दाबला आणि गेला की हो सगळा लवाजमा.

आत व्यासपीठावर साहेब, संचालक, जावईबापू आणि मुंबईहून आलेले कंपनीचे साहेब, गळ्यात हार घालून बसले होते. समोर खुर्च्यांचं माळरान. फक्त डावीकडं पुढच्या रांगांत आमच्या बायका, आणि त्यांच्या सासवा, नवरे, दीर, जावा, सगळे मांडीवर डबा घेऊन गप्प बसलेले. मुंबईच्या साहेबांनी जावईबापूंना विचारलं, "मेंबर इतकेच आहेत का?" जावईबापूंनी सासऱ्याकडं बघितलं.

मोकाशी पळत व्यासपीठावर आले. माईक चालू होता हे त्यांच्या ध्यानात नव्हतं, म्हणून आम्हाला सगळं ऐकू आलं. "साहेब, सह्या झाल्या, पण आत कोरमपुरती माणसंच नाहीत. माझं ऐका, सभा पुढच्या महिन्यात घेऊ."

"पुढच्या महिन्यात? दसऱ्याला उद्घाटन आहे, मोकाशी. पाहुणे समोर बसलेत. अर्धा तास सभा तहकूब करा आणि परत सुरू करा. तहकूब सभेला कोरम लागत नाही. इतकी वर्षं नोकरी करता, एवढं माहीत नाही?"

"माहीत आहे साहेब. पण समोर कोण बसलंय बघा ना."

साहेबांनी बघितलं. आमच्यावरून त्यांची नजर अशी फिरली, जशी दुकानातल्या रिकाम्या पोत्यांवरून फिरायची. म्हणाले, "बायका तर आहेत. त्या काय करणार?"

अर्धा तास झाला. चहा आला, व्यासपीठापुरता. मग साहेब उठले, खळी पाडली आणि सुरू झाले. अहवाल वाचला, हिशेब वाचला. पोपट डिसले मागच्या भिंतीला टेकून एकटाच "मंजूर!" करत होता. रिकाम्या हॉलमध्ये त्याचं त्यालाच परत ऐकू येत होतं. आमची माणसं गप्प. साहेबांना वाटलं, सगळं सुरळीत चाललंय.

"विषय क्रमांक सात. बदलत्या काळानुरूप संस्थेचे पुनर्नियोजन करण्यासाठी..."

"मंजूर!" पोपट ओरडला.

"नामंजूर!"

मी नव्हते ती. प्रमिलाची सासू होती, काठी टेकत उठलेली. "नामंजूर म्हंते मी! माझी सून तुमच्या दुकानात पुड्या बांधून म्हातारी झाली. नातीचं शिक्षण कुणाच्या पगारावर करू मी? तुमच्या जावयाच्या?"

मग मात्र धरण फुटलं. नवरे उठले, दीर उठले, बायकांनी डबे बडवायला सुरुवात केली. मी उभी राहिले आणि म्हणलं, "अध्यक्ष महाराज, हात वर करून मतदान घ्या. तहकूब सभा आहे, आहेत तेवढ्या सभासदांचा निर्णय चालतो. आत्ताच तुम्ही सांगितलंत, माईकवर."

साहेबांनी मोकाशींकडं बघितलं. मोकाशी छताकडं बघत होते. पोपटाचा एक हात ठरावाच्या बाजूनं आणि व्यासपीठावरचे संचालक. बाकी सगळे हात आमचे. लहान पोर मोजायला बसवलं असतं तरी चुकलं नसतं.

मुंबईच्या साहेबांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. जावईबापू त्यांच्या मागं धावले.

आता ऐका खरी गंमत. मला वाटलं होतं, माणिकराव चिडतील, आदळआपट करतील. छे! त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, शांतपणे प्यायला, तोंड पुसलं आणि माईक हातात घेतला. तेवढ्या वेळात माणूस बदलला होता. पूर्वी पक्ष बदलले तेव्हाही असंच. डोक्यावरची टोपीसुद्धा बदलावी लागली नव्हती, फक्त भिंतीवरचे फोटो.

"बंधू-भगिनींनो," आवाज भरून आलेला, "आज मला धन्य वाटतं. हीच खरी लोकशाही! मनातून मी या ठरावाच्या विरोधातच होतो. पण माझ्या भगिनींची संस्थेवर किती माया आहे ते मला बघायचं होतं. ही इमारत तुमची आहे, तुमचीच राहील. माणिकराव ठोंबरे जिवंत असेपर्यंत इथल्या एका विटेला कुणी हात लावणार नाही!"

आणि टाळ्या वाजल्या! आमच्याच लोकांनी वाजवल्या. प्रमिलाच्या सासूनंसुद्धा काठी काखेत धरून वाजवल्या. मी मेल्यासारखी उभी राहिले.

सोमवारी भांडाराच्या दारात साहेबांचा सत्कार. 'भगिनींचे रक्षणकर्ते' असं फलकावर लिहिलेलं, खाली मोकाशींचं नाव, निमंत्रक म्हणून. वर्गणी आम्हा बायकांकडूनच काढली. शाल, नारळ, फेटा. निनाद सरांनाही पुण्याहून बोलावलं होतं. ते म्हणाले, "नेतृत्व असं लवचीक असावं लागतं. मी हे उदाहरण आता सगळीकडं सांगणार." सांगत असतील अजून, काय नेम.

प्रमिलानं साहेबांना ओवाळलं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. कार्यक्रम संपला, साहेब गाडीत बसले, तशी ती माझ्याकडं आली.

"बघितलंत? मी म्हणत नव्हते, साहेबांचं मन मोठं आहे? त्यांच्यामुळं वाचलो आपण."

"प्रमिला, अगं ठराव आणला कुणी होता?"

"आपली परीक्षा बघायला आणला होता, त्यांनीच सांगितलं की. आणि तुम्ही त्यांना काय काय बोललात, बाई. झुरळ म्हणालात. मला रात्रभर वाईट वाटतंय. चला, माफी मागा त्यांची."

"वेड लागलंय का तुला?"

तिनं ऐकलंच नाही. माझा हात धरून ओढतच गाडीपाशी नेलं. माणिकरावांनी काच खाली केली. त्यांना सगळं कळलेलं होतं. डबा कुणी सुचवला, कशासाठी सुचवला, बायकांना कुणी बसवून ठेवलं, सगळं. ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. तोंडावर मात्र खळी.

"साहेब, काशीदबाईंना तुम्हाला काही सांगायचंय," प्रमिला म्हणाली.

"सांगा की," साहेब म्हणाले. मग तिच्याकडं वळून, अगदी मायेनं, "प्रमिलाबाई, शुक्रवारच्या मीटिंगला तुम्हाला कायम करायचा विषय ठेवलाय बरं का. या वेळी नक्की." आणि परत माझ्याकडं. "तर, काय म्हणत होता काशीदबाई?"

प्रमिलाचं तोंड असं उजळलं होतं की बघवेना.

मी म्हणलं, "चुकलं माझं, साहेब. तुमच्याबद्दल वाईट बोलले. माफ करा."

"असू द्या, असू द्या. संस्थेत थोडं नमतं घ्यावंच लागतं." काच वर गेली आणि गाडी निघाली.

शुक्रवारी प्रमिला कायम झाली.